ऋतू कोणी जाहीर करायचा?

निफाडचं नाव पेपरात पहिल्या पानावर यायचं तर पारा खाली उतरावा लागतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म आमच्या गावचा, 1842 सालचा. पण न्यायमूर्तींच्या वाट्याला आतलं पान येतं, तेही जयंतीला. डिसेंबर लागला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा मात्र ठळक छापून येतो, वर ‘निफाड गारठले’ असा मथळा. मग पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करतात. “किती?” एवढंच विचारतात. आपण “पाच” म्हणालो की पलीकडून समाधानाचा हुंकार येतो. “नऊ” म्हणालो तर त्यांचा आवाज पडतो, आणि निफाडकर म्हणून आपण कुठंतरी कमी पडलो असं वाटायला लागतं.

थंडीवर नाव कमावलेल्या गावाची खरी पंचाईत होते ती फेब्रुवारी सरताना. थंडी आल्याची बातमी होते, गेल्याची कोणी देत नाही. त्यामुळे ती गेली असं अधिकाराने सांगायचं कोणी, हा प्रश्न दर फाल्गुनात उभा राहतो आणि त्यावरून घरोघरी तट पडतात. दिसायला प्रश्न ऋतूचा असला तरी खालचे मुद्दे रोकडे असतात. गोधड्या धुऊन माळ्यावर कधी टाकायच्या? गिझर कधी बंद करायचा? माठ आणायचा का? आणि हे सगळं उरकल्यावर पुन्हा कडाका पडला तर बोल कोणाला लावायचा?

पंचांगाला विचारावं, तर ते एका प्रश्नाला तीन उत्तरं देतं. वसंत पंचमी माघात येते, म्हणजे आमच्याकडे गोधडीत. शाळेत पाठ केलेलं ते चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. तेव्हा इथं अंगाची लाही होत असते. शिवाय दिनदर्शिकेच्या फेब्रुवारीच्या पानावर अठरा-एकोणीस तारखेच्या चौकटीत मुंगीएवढ्या अक्षरात ‘सौर वसंत ऋतू प्रारंभ’ असं असतं, आणि त्याच्यावर दूधवाल्याने अर्ध्या लिटरची खूण केलेली असते. हवामान खातं त्या मानाने सरळ. त्याच्या दफ्तरी वसंत नाहीच. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे ‘मान्सूनपूर्व’. परीक्षा, लग्नसराई, आंबे, मामाचं गाव, या सगळ्याला खात्याच्या लेखी स्वतःचं असं काही अस्तित्व नाही, ते केवळ पावसाच्या आधीचं. शेतकऱ्याला हे वर्गीकरण मनापासून पटतं. हरकत असेल ती आंब्याची.

तर असाच एक फाल्गुनातला आठवडा. सोमवारी पहाटे पारा अकरावर आणि दुपारी चौतिसावर. एका दिवसात तेवीस अंशांचा हेलपाटा. याचं कारण साधं आहे. उत्तरेकडून येणारी हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसा जमीन बिनदिक्कत तापते आणि रात्री ती ऊब अडवायला वर ढगाचं पांघरूण नसतं. थंड हवा जड, ती कादवेच्या काठच्या सखल भागात येऊन बसते. शास्त्र एवढंच आहे. पण एवढ्या शास्त्रावर माणसानं सकाळी सहाला घराबाहेर पडताना अंगात काय घालावं, ते ठरत नाही. नाशिकला नोकरीला जाणारा माणूस पहाटे स्टेशनवर स्वेटर, मफलर, कानटोपी अशा बंदोबस्तात उभा असतो. अकरा वाजता मफलर खिशात. एक वाजता स्वेटर खुर्चीच्या पाठीवर. परतीच्या गाडीत तो स्वेटर अंगावर नसतो, हातात नसतो, आणि कसबे सुकेणे मागं पडेपर्यंत आठवणीतही नसतो. या महिन्यात मनमाडच्या बाजूला किती स्वेटर एकटे प्रवास करतात, याची मोजदाद रेल्वेने एकदा करावी.

शाळेचं तर विचारूच नका. मार्चात ऊन वाढतं म्हणून शाळा सकाळच्या होतात. हेतू उत्तम. पण सकाळची शाळा सातला भरते, आणि सातला अजून थंडीचीच हद्द असते. परिणामी पोरांना उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून ती कुडकुडत शाळेत जातात. प्रार्थनेला रांगेत उभी राहतात तेव्हा ‘प्रतिज्ञा’ आपोआप थरथरत्या आवाजात होते. गुरुजीही हात चोळत असतात. त्या दिवशी शेजारचा तिसरीतला पोरगा आईला विचारत होता, “आपली शाळा उन्हाळ्याची आहे ना? मग स्वेटर कशाला?” तिने त्याच्या डोक्यात कानटोपी घातली आणि चर्चा संपवली. दुपारी तोच पोरगा स्वेटर कमरेला बांधून, टोपीत चिंचा भरून घरी आला.

मंगळवारी रसवंतीचे घुंगरू वाजू लागले. बसस्टँडच्या बाजूला हिरवी जाळी, चार बाकडी, चरकाच्या चाकाला बांधलेले घुंगरू. ते वाजले की उन्हाळा अर्धा पास झाला असं समजायला हरकत नाही. रसवंतीवाल्याचं स्वतःचं हवामानशास्त्र आहे आणि ते बर्फात मोजलं जातं. गिऱ्हाईक “बर्फ नको” म्हणतं तोवर हिवाळा. “बर्फ कमी” म्हणजे बदल सुरू. ज्या दिवशी गिऱ्हाईक बर्फाचा विषयच काढत नाही आणि ग्लास पुढं करतं, त्या दिवशी उन्हाळा लागला. मंगळवारी दुपारी तीनला त्याने मला खालच्या आवाजात सांगितलं, “आज कोणी कमी म्हणालं नाही, भाऊ.” एवढा नेमका अहवाल मी दुसऱ्या कुठल्याही वेधशाळेकडून ऐकलेला नाही.

त्याच मंगळवारी संध्याकाळी दवाखान्यात बसायला जागा नव्हती. दुपारी ज्यांनी ‘कमी’ म्हटलं नव्हतं ते सगळे तिथं होते. गळ्याला हात लावून, मान हलवत, एकमेकांना ओळख देत. डॉक्टरसाहेब या दिवसांत प्रत्येकाला एकच निदान सांगतात: “वातावरणच तसं आहे.” पेशंट ते ऐकून समाधानाने उठतो. दोष आपला नाही, रसवाल्याचाही नाही, वातावरणाचा आहे. आणि वातावरणाकडून कोणी फी मागत नाही, ती आपणच देतो.

आमच्या घरी ऋतू जाहीर करण्याचा अधिकार आईकडे आहे. तिचं संविधान चार शब्दांचं: होळी जळाली, थंडी पळाली. होळीआधी गोधडी माळ्यावर जाणार नाही, मग दुपारी फरशी पाय भाजवो की छत. बायकोचा पक्ष विजेच्या बिलावर उभा आहे. एका घरात एकाच वेळी गिझर आणि पंखा दोन्ही चालू असणं हे तिच्या मते ऋतूचं लक्षण नसून शिस्तीचा अभाव आहे. या दोन पक्षांत जो तोडगा निघाला तो असा, की रात्री पंखा लावायचा, पण एकवर. आणि अंगावर गोधडी घ्यायची, पण कमरेपर्यंत.

पंखा लावून गोधडी घेणं ही फाल्गुनातली खास अवस्था आहे. ती बाहेरून बघणाऱ्याला हास्यास्पद वाटते, आतल्याला तिच्यासारखं सुख नाही. दहाला पंखा दोनवर असतो, कारण भिंतींनी दिवसभर साठवलेली ऊब त्या आता बाहेर सोडत असतात. बाराच्या सुमाराला कोणीतरी उठून तो एकवर आणतं. अडीचला गोधडी कमरेवरून छातीवर येते. चारला ती नाकावर असते आणि पंखा अजून फिरत असतो, कारण आता उठून बटणापर्यंत जायचं तर गोधडीतून बाहेर यावं लागेल. सगळे जागे असतात. प्रत्येकाला वाटतं दुसरा उठेल. लोकशाहीत जे होतं तेच होतं: पंखा सकाळपर्यंत चालतो.

बुधवारी ढग आले, आणि गाव गप्प झालं.

इथं सांगायला हवं की आमच्याकडे आकाशाकडे बघायची सवय हौसेची नाही. फेब्रुवारी-मार्चात द्राक्षबागा काढणीला आलेल्या असतात. ऑक्टोबरात छाटणी, मग फुटवे, फवारण्या, विरळणी, कडाक्याच्या रात्री बागेत पेटवलेल्या शेकोट्या, असं सगळं करून माल हातातोंडाशी येतो. पिकलेल्या मण्यात साखर भरलेली असते आणि साल ताणलेली. त्याच्यावर पाणी पडलं की मणी तडकतो. शेजारच्या वावरात गहू सोंगणीला उभा, पलीकडे उन्हाळ कांदा पोसतोय. गव्हाला थंडी लांबलेली हवी. द्राक्षाला साखर भरायला ऊन हवं. कांद्याला काढणीच्या वेळी कोरडं हवं. आणि ही तिन्ही पिकं बहुतेक वेळा एकाच शेतकऱ्याची असतात. तो देवाकडे नेमकं काय मागत असेल, याची मला नेहमी उत्सुकता वाटते. बहुधा देवच त्याला सांगत असेल, आधी तुमचं तुम्ही ठरवून या.

फोनवर खात्याचा अंदाज आला: ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता’, सोबत पिवळा अलर्ट. यातलं ‘तुरळक’ मोघम वाटतं, पण खात्याच्या व्याख्येत ते मोजलेलं आहे: त्या विभागातल्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के ठिकाणी. म्हणजे चारातल्या एका गावावर. आता चारातलं एक गाव कोणतं, याविषयी आमच्या तालुक्यात दोन मतप्रवाह आहेत. एक म्हणतो, नक्की आपलंच. दुसरा म्हणतो, पिंपळगावकडं जाईल. पिंपळगावातही हे दोनच मतप्रवाह आहेत, फक्त दुसऱ्यात आमचं नाव असतं.

त्याशिवाय व्हॉट्सअॅपवरचे अभ्यासक आहेतच. खातं ‘शक्यता’ म्हणतं तिथं ते तारीख, वेळ आणि दिशा सांगतात. अंदाज खरा ठरला तर तो पुन्हा पाठवतात; चुकला तर पुढचा पाठवतात. चहाच्या टपरीवर एक आबा आहेत, ते मोबाइल वापरत नाहीत. ते पश्चिमेकडे बघून म्हणाले, “गुडघा दुखतोय.” त्या दिवशी बागायतदारांनी सगळ्यात गांभीर्याने घेतला तो हा गुडघा.

होतं ते असं. हिवाळ्यात नि हिवाळ्याच्या शेवटी भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी झंझावात हिमालयाकडे जातात. एखाद्याचा प्रभाव खाली आपल्यापर्यंत पोचतो. त्याच वेळी समुद्रावरून बाष्प आत येतं. खाली तापलेली जमीन, वर गार हवा. दुपारनंतर ढग झपाट्याने उंच चढतो. त्याच्या पोटात वर जाणारा वारा जोराचा असला की पाण्याचे थेंब गोठणपातळीच्या वर राहून गारा होतात, आणि वाऱ्याला पेलेनासं झालं की खाली येतात. हे सगळं कळतं. कळल्याने मणी तडकायचा थांबत नाही.

पण ढग गावावर यायच्या आधी दरावर येतो. बुधवारी संध्याकाळी एका बागेत झालेलं बोलणं माझ्या कानावर पडलं.

“दादा, वातावरण खराब आहे. माल तडकणार.”

“अजून थेंब नाही पडला, शेठ.”

“पडेल की. शिवाय वर मार्केट डाऊन आहे.”

“वर म्हणजे?”

“दिल्लीला.”

“दिल्लीला काय झालं?”

“थंडी आहे हो तिकडं. थंडीत कोण द्राक्षं खातंय?”

इकडं पाऊस येणार म्हणून दर खाली, तिकडं थंडी गेली नाही म्हणून दर खाली. दिल्लीत ऊन पडलं असतं तर ट्रकमध्ये माल टिकत नाही म्हणून दर खाली आला असता. ऋतू कुठलाही असो, व्यापाऱ्याला तो बाधतोच, आणि बाधा किलोमागे मोजली जाते.

गुरुवारी साडेपाचला पाऊस आला. आधी धूळ, मग पत्रे वाजले, मग वीज गेली. ही एक गोष्ट मात्र कोणत्याही अंदाजाशिवाय वेळेवर होते. गारा पडल्या, पण आमच्या गल्लीत हरभऱ्याएवढ्या आणि दोन-तीन मिनिटं. पोरं पातेली घेऊन अंगणात धावली. बायका वाळत घातलेल्या कुरडया उचलायला गच्चीवर. पुरुषमंडळी दारात उभी राहून “आत या, आत या” असं ओरडत स्वतः हळूहळू बाहेर आली. पोरांना गारांचं जे वेड असतं ते त्यांच्याकडून काढून घेऊ नये; पण ज्यांनी 2014 सालचा फेब्रुवारी-मार्च बघितलाय, त्यांना पत्र्यावरचा तो आवाज सोसत नाही. त्या वर्षी राज्याच्या मोठ्या भागात दिवसेंदिवस गारपीट झाली, उभ्या बागा आणि उभे गहू झोडपून निघाले. समोरचे काका, एरवी कशावरही कोटी करणारे, गारा पडत होत्या तेवढा वेळ खांबाला धरून नुसते उभे होते. थांबल्यावर त्यांनी भावाला फोन लावला. “तुझ्याकडं?” एवढंच विचारलं. मग म्हणाले, “बरं. ब्लोअर फिरव लगेच.” घडात अडकलेलं पाणी वाऱ्याने झाडलं की माल थोडाफार वाचतो. रात्री अकरापर्यंत बागांतून ट्रॅक्टर घरघरत होते.

शुक्रवारी सकाळी ऊन असं स्वच्छ पडलं, की कालचं कोणी कबूल करेना. पाऊस मोजायची खात्याची वेळ सकाळी साडेआठची. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी जे भिजले ते सरकारी कागदावर शुक्रवारी भिजले. तलाठी कार्यालयाबाहेर पंचनाम्याची चौकशी करायला आलेल्या एका आजोबांना हे समजावताना एक सुशिक्षित तरुण घामाघूम झाला. आजोबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, “पण शुक्रवारी ऊन होतं ना, बाळा!”

तापमानाचंही तेच. पेपरात येतो तो आकडा पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीतला, जमिनीपासून साधारण चार फुटांवरचा, सावलीतला. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने आखली. त्याच्या मुलाने, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने, पुढे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिलं. तेव्हा वास्तवापासून थोडं अंतर राखायची घराण्याला सवय असावी. कारण पेटीत चौतीस असतात तेव्हा बाजारात भाजीवालीच्या डोक्यावर किती असतात, हे विचारायला त्या पेटीतून कोणी बाहेर येत नाही.

शनिवार कोरडा गेला. दुपारी नांदूर मध्यमेश्वरला चक्कर मारली. हे धरणाच्या पाणथळीचं अभयारण्य. 2020 साली राज्यातली पहिली रामसर पाणथळ म्हणून ते जाहीर झालं. थंडीत इथं बदकांची दाटी असते. आता पाणी बरंच रिकामं दिसत होतं. चक्रवाक उठून लडाख-तिबेटकडं निघालेले. पक्ष्यांना दिवस किती लांबला ते कळतं आणि तेवढ्यावर ते निघतात. त्यांच्यात आई, बायको आणि विजेचं बिल अशी त्रिसदस्यीय समिती नसते. मात्र त्यांना गोधड्याही धुवाव्या लागत नाहीत, हे त्यांच्या कौतुकाच्या भरात विसरू नये.

रविवारी होळी. गुरुवारच्या पावसाने गल्लीतली लाकडं ओली झालेली. शेणाच्या गोवऱ्या कोणीतरी वेळेवर ओसरीत ओढल्या होत्या, तेवढ्याच कोरड्या. पहिल्या तीन काड्या विझल्या. चौथी लागली आणि होळी धुरकटून बसली. पोरं बोंबा मारायला सज्ज होऊन उभी, पण नुसत्या धुरापुढं बोंब मारणं त्यांना प्रशस्त वाटेना. शेवटी काकांच्या भावाने टेम्पोतून द्राक्षाच्या पॅकिंगचे पुठ्ठ्याचे खोके आणले. “हे घ्या,” तो म्हणाला, “आठवडाभर तरी लागणार नाहीत.” खोके टाकल्याबरोबर ज्वाळा उंच गेली, बोंबा सुटल्या, नारळ पडला, पुरणपोळीचा नैवेद्य आत गेला.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली. प्रदक्षिणा संपली तरी कोणी घरी जाईना. पावसानंतर आकाश धुऊन निघालं होतं, वारा उत्तरेचा झाला होता, आणि साडेनऊच्या सुमाराला बऱ्यापैकी काकडा भरला होता. सगळी गल्ली होळीभोवती गोल करून हात शेकत उभी. सकाळी रंग लावायला गार पाणी घ्यायचं की कोमट, यावर बायकांत चर्चा सुरू झालेली. आबांनी गुडघा पुढं करून जाळाच्या दिशेने धरला होता.

आई मधोमध उभी होती. शाल घट्ट ओढून, दोन्ही तळवे जाळासमोर धरून तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, “झालं! जळाली होळी. गेली थंडी.”

बायकोने ही संधी सोडली नाही. “मग उद्यापासून गिझर बंद करायचा ना, आई?”

आईने तळवे उलटे करून हातांची मागची बाजू शेकायला घेतली.

“पाडव्यापर्यंत राहू दे,” ती म्हणाली.